वस्तीचा आराखडा आणि वस्तीतील माणसे

नवे घर बांधावयाचे ठरले म्हणजे घरातील सारी मंडळी एके ठिकाणी बसतात. मोरी कोठे असावी, स्वयंपाकघरात उजेड कोणत्या बाजूने यावा, आजोबांना रात्री उठावे लागते तेव्हा त्यांची खोली कोठे बरी पडेल, या सर्व गोष्टींचा खल होतो. ज्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला न विचारता ओटा बांधला जातो, तेथे तो ओटा पुढे पंचवीस वर्षे कोणाच्या ना कोणाच्या पाठीस दुखणे देत राहतो. हे आपण सर्वजण जाणतो, म्हणूनच घराच्या बाबतीत आपण विचारून करतो.

उंबरठा ओलांडून रस्त्यावर आलो, की ही रीत मात्र सुटते. रस्ता खणला जातो, दिव्याचे खांब हलविले जातात, मुलांच्या मैदानावर एखादी इमारत उगवते, आणि आपल्यास त्याची वार्ता लागते ती कुदळीचा आवाज ऐकून. मग आपण चार दिवस कुरकुरतो आणि गप्प बसतो. वाचकहो, ज्या वस्तीत आपण राहतो तिच्या आखणीत आपणास जागा असते काय, ती केव्हा आणि कशी मिळते, आणि मिळाली तर ती सर्वांना सारखी मिळते काय, हा विषय आज या सदरासाठी घेतला आहे. उदाहरण घेतले आहे ते बंगळूरचे. या शहरातील रहिवाशांनी या बाबतीत जितके प्रयोग केले तितके आपल्या देशात फारच थोड्या ठिकाणी झाले असतील. त्यांच्या यशापासून आणि अपयशापासून कोणत्याही गावच्या माणसास शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

तळ्याचा राखणदार

केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविलेले हे शहर सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यामुळे मराठी वाचकांस ते अगदीच परके नाही. जुन्या शहरातील पेठांची नावेच त्यांचा व्यवहार सांगतात. अक्किपेठ तांदळाची, रागीपेठ नाचणीची, बळेपेठ बांगड्यांची. शहरास मोठी नदी नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून एकाखाली एक अशी तळी बांधली, आणि वरच्या तळ्याचे जादा पाणी खालच्या तळ्यात नेणारे कालवे काढले. तळ्याचे दार उघडून शेताशेतास पाणी वाटून देणारा माणूस गावाने नेमलेला असे. त्यास नीरुगंटी म्हणत. गाळ काढणे, बांध नीट राखणे ही कामेही गावकरीच करीत. ‘वस्तीचे नियोजन’ हा शब्द कोणास ठाऊक नव्हता, परंतु ती गोष्ट प्रत्यक्षात घडत होती.

१८९६ साली हेसरघट्टा येथील तलावाचे पाणी नळाने शहरात आले. ही मोठी सोय झाली यात संशय नाही. परंतु पाणी घरात आले आणि तळ्याकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. पुढे धर्मांबुधी तळ्याच्या जागी शहरातील मुख्य बसस्थानक झाले, आणि संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे राहिले. ज्या गोष्टीशी रहिवाशांचा रोजचा संबंध तुटतो, तिचा राखणदारही नाहीसा होतो. हा धडा पुढे पुन्हा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१८९८ साली प्लेगची साथ आली. त्यानंतर दाट पेठांतून माणसे बाहेर काढण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या आखीव वसाहती वाढविण्यात आल्या. रुंद रस्ते, झाडे, बाजाराची जागा, मोकळी हवा, हे सारे त्यांत होते. १९४५ साली नगरसुधारणा मंडळ आले, १९७६ साली त्याच्या जागी बंगळूर विकास प्राधिकरण स्थापन झाले. एकामागून एक वसाहती आखल्या गेल्या. त्यांतील कित्येक चांगल्या आहेत. परंतु या सर्व काळात आखणी करणारा एक आणि राहणारा दुसरा अशी विभागणी पक्की झाली. नकाशा कचेरीत तयार होई. रहिवासी त्यात नंतर येऊन राहत.

बाग कोणाची?

या विभागणीला पहिला मोठा धक्का बसला तो एका बागेवरून. राजमहाल विलास या वसाहतीच्या मंजूर आराखड्यात एक जागा सार्वजनिक बागेसाठी राखून ठेवलेली होती. ती जागा एका खासगी विश्वस्त संस्थेस रुग्णालयासाठी देण्यात आली. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठापुढे त्यांना यश आले नाही. द्विसदस्य पीठाने मात्र त्यांचे म्हणणे मान्य केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जुलै १९९१ मध्ये न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निर्णय दिला.

या निर्णयातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. बागेची जागा ही सर्वांच्या आरोग्यासाठी आणि विसाव्यासाठी राखलेली असते. रुग्णालय उपयुक्त असले तरी ते बागेची जागा घेऊ शकत नाही, आणि खासगी रुग्णालय तर नाहीच नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: ‘यात तुमचे वैयक्तिक काय नुकसान झाले?’ असा प्रश्न विचारून रहिवाशांस दारातूनच परत पाठविता येत नाही, कारण वस्तीतील मोकळी जागा गेली तर नुकसान प्रत्येकाचे होते. आज देशात कोठेही बागेचे किंवा मैदानाचे आरक्षण हलविण्याचा वाद निघाला, तर वकील मंडळी हा बंगळूरचा निवाडा पुढे करतात.

परंतु विचार केल्यास दिसेल, की येथेही रहिवासी आले ते फार उशिरा. जागा आधीच दिली गेली होती. त्यांना काही घडवावयाचे नव्हते, घडलेले मोडावयाचे होते. न्यायालयाची वाट ही औषधाची वाट आहे; रोज जेवणात काय असावे हे औषधाने ठरत नाही.

शहराचे प्रगतिपुस्तक

निराळी वाट काढली ती सॅम्युएल पॉल यांनी. शाळेतील मुलाचे प्रगतिपुस्तक असते, तसे नगरसेवेचे का असू नये, असा साधा विचार त्यांनी केला. १९९४ साली त्यांच्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने बंगळूरातील नागरिकांची पाहणी प्रसिद्ध केली. पाणी, वीज, दूरध्वनी, कचरा, भूखंड अशा निरनिराळ्या सेवा देणाऱ्या खात्यांकडे काम घेऊन गेलेल्या माणसांना विचारले गेले: किती खेपा घालाव्या लागल्या? काम झाले काय? वागणूक कशी मिळाली? काही द्यावे लागले काय? झोपडवस्तीतील कुटुंबांनाही स्वतंत्रपणे हेच विचारले. उत्तरांवरून प्रत्येक खात्यास गुण दिले आणि ते वर्तमानपत्रांत छापले गेले. पहिल्या खेपेस बहुतेक खात्यांचे गुण फारच कमी होते. १९९९ साली थोडी सुधारणा दिसली. २००३ च्या तिसऱ्या पाहणीत ती अधिक स्पष्ट झाली.

येथे कोणी मोर्चा काढला नव्हता, कोणी कोर्टात गेले नव्हते. ज्या तक्रारी प्रत्येकजण ओट्यावर बसून सांगत होता, त्या मोजून एका तक्त्यात मांडल्या, एवढेच झाले. मोजलेली तक्रार टाळता येत नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो असा.

२००१ च्या डिसेंबरात रमेश आणि स्वाती रामनाथन यांनी ‘जनाग्रह’ ही चळवळ सुरू केली. तिचे पहिले काम होते वॉर्डातील कामांची निवड. रहिवाशांनी एकत्र जमावे, आपल्या वॉर्डात फिरून कोणता रस्ता, कोणती गटारे, कोणता पदपथ आधी हवा याचा क्रम लावावा, आणि तो क्रम नगरसेवकापुढे अंदाजपत्रकापूर्वी ठेवावा. तक्रारीपासून एक पाऊल पुढे येऊन लोक येथे निवड करू लागले. आणि निवड करणे हे तक्रार करण्यापेक्षा किती कठीण आहे, हेही त्यांना कळले. पैसा एका रस्त्यापुरता आणि मोडके रस्ते चार, असे असता शेजाऱ्याशी बोलूनच मार्ग काढावा लागतो.

‘बेडा’ आणि ‘बेकु’

कन्नड भाषेत ‘बेडा’ म्हणजे नको आणि ‘बेकु’ म्हणजे हवे. सोलापूर, कोल्हापूर, बेळगावकडील वाचकांना हे शब्द पाठच असतील. २०१६ साली हे दोन साधे शब्द बंगळूरात फलकांवर चढले.

बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत ६.७ किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल बांधण्याची योजना राज्य सरकारने पुढे आणली. खर्च सुमारे १,८०० कोटी रुपये, आणि मार्गातील आठशेहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. एवढे मोठे काम, परंतु ज्यांच्या दारावरून ते जावयाचे त्यांच्याशी पुरेशी चर्चा झाली नाही, हा लोकांचा मुख्य आक्षेप होता. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो माणसे मार्गाच्या कडेने हातात हात घालून उभी राहिली. ‘पोलादी पूल बेडा’ हीच त्यांची घोषणा. मार्च २०१७ मध्ये सरकारने योजना रद्द केल्याचे जाहीर केले.

त्याआधी २०१६ च्याच डिसेंबरात तीच मंडळी दुसरा फलक घेऊन रेल्वेस्थानकांवर गेली: ‘चुकुबुकु बेकु’. चुकुबुकु म्हणजे आपली झुकझुकगाडी. शहराभोवती लोहमार्ग आधीच टाकलेले आहेत, त्यांवर मुंबईसारख्या उपनगरी गाड्या चालवा, एवढीच मागणी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये १४८ किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेस मान्यता दिली. जून २०२२ मध्ये पायाभरणी झाली.

दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहा. ‘नको’ म्हटल्यावर उत्तर मिळावयास साडेचार महिने लागले. ‘हवे’ म्हटल्यावर नुसती मान्यता मिळावयास जवळजवळ चार वर्षे गेली, आणि पायाभरणीस साडेपाच. थांबविणे सोपे असते, घडविणे अवघड असते, हे तर उघडच आहे. परंतु आणखी एक कारण आहे. ‘बेडा’ म्हणण्यास रस्ता पुरतो. ‘बेकु’ म्हणण्यास जेथे निर्णय होतात त्या मेजाभोवती बसावयास खुर्ची लागते. ती खुर्ची नसेल तर शहाणे, सुशिक्षित, तळमळीचे नागरिकही आयुष्यभर नको नकोच म्हणत राहतात, आणि मग अधिकारी म्हणू लागतात की या लोकांना काहीच नको असते.

शेरी आर्नस्टीन या अमेरिकन विदुषीने १९६९ साली लिहिलेल्या एका लेखात नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी कल्पिली आहे. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचे केवळ सोंग असते. लोकांना बोलावतात ते त्यांची समजूत घालण्यासाठी. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती दिली जाते, मत विचारले जाते, समितीवर एखादे नाव घेतले जाते. परंतु ते मत मानण्याचे बंधन कोणावरही नसते. वरच्या तीन पायऱ्यांवर मात्र निर्णयाचा काही भाग खरोखरच लोकांच्या हाती येतो. आपल्या गावात एखादी ‘नागरिकांची सभा’ भरली, तर ती कितव्या पायरीवर आहे हे स्वतःशी विचारून पाहावे. बंगळूरच्या २०३१ सालापर्यंतच्या बृहद् आराखड्याचा मसुदा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि पुढे २०२० साली तो मसुदाच मागे घेण्यात आला. हजारो माणसांनी वेळ काढून कागद लिहिले. परंतु रेघा ओढून झाल्यावर त्यांना विचारले होते. आधी विचारले असते तर सर्वांचीच वर्षे वाचली असती.

कायद्यातील खुर्ची

ही खुर्ची कायद्यात नाही असे मात्र नाही. १९९२ साली संमत होऊन १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले आहे, की तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकाक्षेत्रात वॉर्ड समित्या असाव्यात. आणि दहा लाखांवरील महानगरात महानगर नियोजन समिती असावी, तिचे किमान दोनतृतीयांश सदस्य निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले असावेत. ग्रामपंचायतीस ग्रामसभा असते तशी शहरास काही जोड असावी, हा हेतू.

बंगळूरात ही महानगर समिती स्थापन झाली ती २०१४ साली. वॉर्ड समित्यांचे सविस्तर नियम आले २०१६ साली. नगरसेवक अध्यक्ष, आणि दहा सदस्य. त्यांत किमान तीन स्त्रिया, दोन अनुसूचित जाती-जमातींचे, आणि दोन रहिवासी संघांचे प्रतिनिधी. सभा दरमहा. शहरात तेव्हा १९८ वॉर्ड होते. २०१८ च्या अखेरीपासून अनेक वॉर्डांत सभा नियमाने भरू लागल्या. लोक वह्या घेऊन येऊ लागले, अभियंत्यास समोरासमोर प्रश्न विचारू लागले. सवय लागते आहे असे वाटू लागले तोच, १० सप्टेंबर २०२० रोजी महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली, आणि पुढील पाच वर्षे निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवकच नाही, तर ज्याच्यापुढे वही ठेवावयाची तो माणूसच नाही. वॉर्ड समिती ही वेल आहे. लोकनियुक्त नगरसभेच्या मांडवावाचून ती उभी राहत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये, २०२४ च्या नव्या कायद्यान्वये, एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या, आणि त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बृहद् बंगळूर प्राधिकरण स्थापन झाले. नव्या कायद्यातही वॉर्ड समित्यांची तरतूद आहे. एका शहराचे पाच कारभार झाल्याने नगरसभा लोकांच्या जवळ येईल, अशी काहींची आशा आहे; वर प्राधिकरण बसल्याने निर्णय उलट दूर जाईल, अशी काहींस भीती आहे. खरे उत्तर वॉर्ड समितीच्या सभेच्या इतिवृत्तातच सापडावयाचे: सभा भरली काय, पैसा किती होता, आणि लोकांनी सांगितलेले काम झाले काय.

सभेत नसलेली माणसे

येथवर आपण ‘रहिवासी’ हा शब्द जणू सारे रहिवासी एकच आहेत अशा रीतीने वापरला. तसे ते नसतात. संध्याकाळी सहा वाजता सभेस कोण येऊ शकते, हे पाहावे. सेवानिवृत्त गृहस्थ येतात, ज्यांचे स्वतःचे घर आहे ते येतात, ज्यांना इंग्रजीत अर्ज लिहिता येतो ते येतात. चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्या वेळी तिसऱ्या घरी असते. भाडेकरू म्हणतो, ‘माझे काय, मी पुढच्या वर्षी येथे असेन-नसेन.’ भाजीची गाडी लावणारा तर सभेचा विषयच असतो; ‘पदपथ मोकळा करा’ या ठरावात त्याचा उल्लेख येतो, सभासदांच्या यादीत येत नाही.

बंगळूरच्या तळ्यांकडे पुन्हा वळू. जे. पी. नगरातील पुट्टेनहळ्ळीचे सुमारे तेरा एकरांचे तळे सुकत चालले होते. आसपासच्या रहिवाशांनी २०१० साली विश्वस्त संस्था काढली, पाठपुरावा करून महानगरपालिकेकडून तळ्याचे काम करून घेतले, आणि २०११ साली देखभालीचा करार करून ते तळे स्वतःच्या हाती घेतले. पाणी आले, पक्षी आले. गावाने नेमलेला नीरुगंटी गेला होता, त्याच्या जागी शंभर वर्षांनी सदनिकांत राहणारे शेजारी राखणदार म्हणून उभे राहिले.

सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याचे पुनरुज्जीवन २००९ ते २०११ या काळात झाले, आणि तेथे आणखी एक शहाणपण दिसले. अशी तळी सुधारली म्हणजे बहुधा कुंपण घालतात, फिरावयाची वाट करतात, आणि गुरे घेऊन येणाऱ्यास दरवाजा बंद होतो. येथे नव्या इमारतींतील मंडळींबरोबर जुन्या गावातील माणसांचेही म्हणणे ऐकले गेले. गुरांसाठी गवत कापून नेणाऱ्यांस मुभा राहिली. गणपती-विसर्जनासाठी निराळे कुंड बांधले. शेजारच्या सरकारी शाळेतील मुलांस तळे खुले राहिले. ज्यांचे पोट तळ्यावर अवलंबून आहे आणि ज्यांचा सकाळचा फेरफटका तळ्यावर अवलंबून आहे, त्या दोघांनाही जागा ठेवली.

कचरावेचकांचेही असेच. रस्त्यावरील कागद, काच, प्लॅस्टिक वेचणारी ही माणसे शहराचे मोठे काम करतात, परंतु त्यांना कोणी ओळख देत नसे. लोकअदालतीपुढे प्रश्न गेल्यानंतर २०११ च्या सुमारास बंगळूर महानगरपालिकेने त्यांना ओळखपत्रे देण्यास आरंभ केला. ‘हसिरु दळ’ या त्यांच्या संघटनेच्या साहाय्याने त्यांतील कित्येकजण पुढे वॉर्डातील सुका कचरा संकलन केंद्रे चालवू लागले. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या बाबतीत त्यांच्या आधीची. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदाच झाला; नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत असे त्यात म्हटले आहे. तात्पर्य, ज्याच्याविषयी निर्णय व्हावयाचा तो माणूस खोलीत हवा. तो नसेल तर बहुमताचा ठरावसुद्धा अन्यायाचा होऊ शकतो.

इंदूरची दिवाळी, पुण्याचा अर्ज

बंगळूर दूर वाटत असेल तर आपल्या जवळची दोन उदाहरणे घेऊ. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१४ साली हिंदुस्थानात आला, आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापकही झाला. होळकरांच्या इंदूरचा आराखडा त्याने केला. त्याचा अहवाल १९१८ चा आहे. प्लेगने गांजलेल्या त्या शहरातील एक हकीकत त्याच्या चरित्रकारांनी नमूद केली आहे. एका दिवसापुरता राजाचा अधिकार मागून घेऊन गेडीसने दवंडी पिटविली, की या दिवाळीत मिरवणूक जाईल ती नेहमीच्या वाटेने नव्हे. ज्या गल्लीतील रहिवासी आपली घरे सर्वांत अधिक झाडतील, दुरुस्त करतील आणि रंगवतील त्या गल्लीतून जाईल. काही दिवसांत गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे मोठे चित्र होते, आणि शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, फुलांनी सजून, मानाने चालले. हातात नकाशा घेऊन गल्लीगल्ली हिंडल्यावाचून आणि तेथील माणसांशी बोलल्यावाचून आराखडा करू नये, हा त्याचा आग्रहच होता.

दुसरे उदाहरण पुण्याचे. पुणे महानगरपालिकेने २००६ साली अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्या भागातील पदपथ, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह, बाके अशी लहान कामे नागरिकांनी अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात सुचवावयाची, आणि छाननीनंतर ती अंदाजपत्रकात जावयाची. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम लहान आहे, आणि सुचविलेले प्रत्येक काम होतेच असेही नाही. तरीही ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ साली दाखविलेली वाट आपल्या गावातील माणसास एका अर्जाच्या अंतरावर आली. केरळने १९९६ साली लोकयोजनेद्वारे राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती दिला, तोही याच विचाराने. लोकांना विचारावयाचे तर त्यांच्या उत्तरास पुरेल एवढा पैसाही त्या मेजावर असावा लागतो.

आपण काय करावे?

प्रथम, दहा-पंधरा घरांनी मिळून आपली वस्ती एकदा पायी फिरून पाहावी. आणि एकदा नव्हे, निरनिराळ्या वेळी. पहाटे पाण्याच्या वेळी, शाळा सुटते तेव्हा, आणि रात्री दिवे लागल्यावर. बरोबर एखादी वृद्ध व्यक्ती, एखादे शाळकरी मूल आणि रात्रपाळीहून परतणारी एखादी स्त्री असावी. पदपथाची उंची आजीबाईंच्या गुडघ्यास कळते, नकाशास कळत नाही. कोणत्या वळणावर दिवा नाही हे परतणाऱ्या परिचारिकेस विचारावे.

मग दिसलेल्या गोष्टी कागदावर मांडाव्यात आणि त्यांचा क्रम लावावा. पंचवीस मागण्यांच्या अर्जापेक्षा तीन मागण्यांचा अर्ज अधिक वाचला जातो. क्रम लावताना वाद होईल. तो होऊ द्यावा. सभेपूर्वी झालेला वाद सभेतील एकी वाढवितो.

तिसरे, वेळ सांभाळावी. नगरपालिकेचे वर्ष एप्रिलात सुरू होते, परंतु अंदाजपत्रकाची तयारी कितीतरी महिने आधी चालू असते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ठरावीक मुदत असते. ती कायद्याने दिलेली असते आणि गेली की गेली. वर्तमानपत्रातील त्या बारीक टायपातील सूचना वाचण्याचे काम घरातील कोणा एकाने अंगावर घ्यावे. महाराष्ट्रात २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे. आपल्या प्रभागात ती भरते काय, नसल्यास का नाही, हा प्रश्न लेखी विचारावा.

चौथे, यादीत कोण नाही ते पाहावे. सभेची वेळ रविवारची ठेवता येईल काय, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशी जी भाषा वस्तीत बोलली जाते तीत निमंत्रण देता येईल काय, मोलकरीण, फेरीवाला, भाडेकरू यांच्यापैकी कोणी बोलेल काय, याचा विचार निमंत्रण लिहितानाच करावा.

शेवटी, पाठपुरावा. काम मंजूर झाले, निविदा निघाली, आरंभ झाला, पुरे झाले, या चार तारखांचा एक तक्ता वस्तीच्या फलकावर लावून ठेवावा. सॅम्युएल पॉल यांच्या प्रगतिपुस्तकाचेच हे लहान रूप आहे. त्यास पैसा लागत नाही, एक खडू पुरतो.

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपल्या आजीपणजींनी आपल्या हाती दिली आहे. तिचा अर्थ राव निरुपयोगी असा कोणी करू नये. पैसा, कायदा, अभियंता, निवडणूक, हे सर्व शासनाकडेच असते आणि ते त्यानेच वेळेवर पुरविले पाहिजे. पाच वर्षे निवडणूक झाली नाही तर किती जिव्हाळ्याने भरणाऱ्या सभाही सुकतात, हे बंगळूरने दाखविले. परंतु कोणती गटार पावसात तुंबते, कोणत्या झाडाखाली रिक्षावाले विसावतात, कोणत्या तळ्यातून कोणाच्या गुरांचे गवत येते, हे गावालाच ठाऊक असते. ते ज्ञान रेघ ओढण्यापूर्वी त्या मेजावर पोहोचले पाहिजे. पुढील अंदाजपत्रकाची तयारी आपल्या नगरपालिकेत केव्हा सुरू होते, एवढी चौकशी या आठवड्यात कराल काय?